मिशी काढलेला खलनायक

बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात मी कामाला होतो तेव्हाची गोष्ट. नव्वदीची मधली वर्षं. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात आमच्या खात्यानं हेरगिरीच्या सिनेमांची टर उडवणारं नाटक बसवलं आणि त्यातला खलनायक माझ्या वाट्याला आला. टकला, काळा चष्मा, मांडीवर पांढरी मांजर. मांजर काही कुणाच्या मांडीवर थांबेना, म्हणून कोंबडी घेतली. जगभरचं दूध एका लिंबात नासवायचा ह्या माणसाचा बेत. दुधाच्या कारखान्यात ह्यापेक्षा मोठा राक्षस कुठला असणार? तालमीत मी नुसतं लिंबू वर धरलं की पोरं पोट धरून हसायची आणि मी आणखी चढायचो.

घोडं अडलं टकलापाशी. भाड्यानं आणलेली रबरी टोपी घातली की डोक्यावर फुगा बसवल्यासारखं दिसायचं, आणि आदल्या दिवशी तीही टरकन फाटली. मी पेटलो. म्हटलं, खड्ड्यात गेली टोपी, डोकंच करतो. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो तर त्यानं आधी विचारलं, “घरात काय झालं?”

“काय न्हाय. नाटक हाय.”

“वडील?”

“धडधाकट हायेत.”

“मग डोकं करतो. मिशीला वस्तरा लावायचा न्हाय. बाप जिता असताना मिशी काढत न्हाईत.”

डोकं करून आरशात बघितलं. टक्कल आणि खाली झुपकेदार मिशी. खलनायक कसला, कुस्तीच्या आखाड्यातला वस्ताद दिसत होतो. खोलीवर आलो आणि स्वतःच्या हातानं ब्लेड फिरवून मिशी उडवली. एवढी अक्कल गहाण पडली होती!

नाटक मात्र असं रंगलं की सांगता सोय नाही. साहेबांच्या बायकासुद्धा डोळे पुसत हसल्या. दुसऱ्या दिवशी रविवार. मोटरसायकल काढली आणि निमगाव केतकीला घरी निघालो. डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. लासुर्ण्याला चहाला थांबलो तेव्हा घाम पुसायला तो काढला. तेवढ्यात इंदापूरची एसटी येऊन उभी राहिली आणि खिडकीत आक्काचे सासरे दिसले. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, इंदापुरात दिलेली. मी हात वर करून मोठ्यानं म्हणालो, “रामराम, तात्या!” त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. एसटी निघून गेली. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा रुसवा अजून चालूच म्हणायचा.

रुसवा दोन वर्षांचा होता. आक्काच्या दिराचं लग्न निघालं तेव्हा तिच्या सासरचं कुणी आमच्या घरी अक्षत घेऊन आलं नाही, पत्रिका एसटीच्या कंडक्टरकडं देऊन पाठवली. आबा, म्हणजे आमचे वडील, तापले. “पोरीच्या बापाला कंडक्टरकडनं आवतान?” ते लग्नाला गेले नाहीत, आम्हालाही जाऊ दिलं नाही. भर मांडवात माहेरचं एक माणूस नाही म्हणून आक्का तिकडं अपमानानं पेटली. तेव्हापासून जाणं-येणं बंद. दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. आई माझ्यामागं लागायची, “तू जा, तिला घेऊन ये. आज ना उद्या त्यांचा राग उतरंल.” मी म्हणायचो, बघू. रजा मिळत नाही म्हणायचो. तालमींना मात्र मिळत होती.

घरी पोचलो. माझं तोंड बघताच आईच्या हातातली परात खाली पडली. “आरं मुडद्या, मी हितं कपाळाला कुंकू लावून हिंडतीय आन तू मिशी काढून आलास?” तिनं पदर तोंडाला लावला. आबा अंगणात बाजेवर बसले होते. ते म्हणाले, “जाऊ दे गं. केसंच ती, येत्याल परत. नाटक कसं झालं रं?”

एवढं पुरेसं होतं मला. जेवणं उरकेपर्यंत शेजारपाजारचेही जमले. आईचीच एक कोंबडी धरली, ओट्यावर बसलो, चष्मा लावला आणि सुरू झालो. “एका लिंबात दुनिया नासवीन! हाऽ हाऽ हाऽ!” माणसं हसायला लागली. आबासुद्धा गालात हसत होते. दुसऱ्यांदा हसण्यासाठी मी छाती भरून घेतली आणि रस्त्यावरून हंबरडा ऐकू आला.

“आबाऽऽ! माझ्या आबाऽऽ! दहा दिस झालं, मला कळवलं न्हाय! मला तुमचं तोंडबी दावलं न्हाय!”

वडापच्या जीपमधून उतरून आक्का पळत येत होती. पदर खांद्यावरून सुटलेला, पायात चप्पल नाही. मागून तात्या धापा टाकत येत होते. आमच्याकडं बाप गेल्यावर दहाव्याला मुलाचं डोकं आणि मिशी उतरवतात. तात्यांनी माझं डोकं बघितलं होतं आणि घरी जाऊन आक्काला हिशोब सांगितला होता : तुझे आबा गेले, दहावाही उरकला, आणि आपल्याला पत्ताच लागू दिला नाही.

“आक्के, आगं मी हाय,” आबा बाजेवरून उठत म्हणाले. “हितं हाय मी.”

ती अंगणाच्या मधोमध थांबली. आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या हातात अजून कोंबडी होती. आक्का सरळ ओट्यावर चढली आणि माझ्या टकलावर अशी थाप मारली की आवाज घुमला. माणसं फिसकन हसली. “आयुष्य वाढलं आबांचं!” कुणीतरी ओरडलं. तात्याही ओशाळून हसले. मला वाटलं सुटलो. फार तर चार शिव्या खाव्या लागतील, मग चहा होईल.

आबा हसले नाहीत. त्यांनी आक्काला विचारलं, “मी मेलो तरी ही माणसं तुला कळवणार न्हाईत, असं वाटलं तुला?”

“व्हय.”

“खरं वाटलं?”

“लगीच वाटलं.”

“मग रडत कशाला आलीस?”

“बाप मेला व्हता माझा,” ती म्हणाली.

आईनं आणलेला पाण्याचा तांब्या आक्कानं हातात घेतला नाही. कोंबडी कधी सुटून गेली तेही कळलं नाही. एका टकलावरून माझ्या बहिणीनं आमच्याबद्दल एवढं ओळखलं होतं आणि खातरजमा करायचीही गरज तिला वाटली नव्हती.

आबा माझ्याकडं वळले. “सांग की रं तिला. पयला निरोप तुलाच धाडला असता, म्हणून सांग.”

त्या लग्नाच्या दिवशी, मांडवात सगळे जेवत असतील अशा वेळी, आबा ह्याच बाजेवर बसून रागानं म्हणाले होते, मी मेलो तरी तिला कळवू नका. आणि मी “बरं” म्हणालो होतो. ते विसरले होते. रागातलं बोलणं, त्यांच्या ध्यानात कशाला राहील? मी विसरलो नव्हतो. बापाचा शब्द म्हणून मी तो पाळलाही असता.

“सांग की,” आबा परत म्हणाले.

आक्का माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. मी तोंड उघडलं, आणि मला ते म्हणता आलं नाही.