शेपूट कापलेली वेळ

मोठ्या साहेबांना ‘नाही’ म्हणताना आमच्या मॅडमचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. तो खाली आला की आम्ही समजायचो, आता ह्या हलणार नाहीत.

दिल्लीतल्या एका सरकारी परीक्षा कार्यालयात त्या मेनफ्रेम, म्हणजे सगळे अर्ज साठवणारा मोठा संगणक, सांभाळायच्या. मी त्यांच्या हाताखाली. पहाडगंजच्या मराठी शाळेतला म्हणून माझ्याशी मराठीत बोलायच्या, रागवायच्या मात्र हिंदीत.

एकदा परभणीची एक मुलगी आली. करोलबागेत खोली घेऊन परीक्षेची तयारी करत होती. पोचपावती हातात, पण तिचा अर्ज क्रमांक टाकला की दुसऱ्याच मुलाचं नाव यायचं. सगळे म्हणाले, हिचंच काहीतरी चुकलं असेल. मॅडमनी तिला बसवलं. “रडू नकोस. अर्ज केलास ना? मग तो गेला कुठे, ते आम्ही सांगायचं.”

शोधल्यावर कळलं. अर्ज क्रमांक आम्ही अर्ज आल्याच्या वेळेवरून बनवत होतो. मशीन ती वेळ सेकंदाच्या फार बारीक तुकड्यापर्यंत देतं, प्रत्येक वेळी वेगळी. पण ती वाचता यावी म्हणून आमचा प्रोग्राम शेवटचे आकडे उडवायचा. “घड्याळ बरोबर आहे रे. शेपूट आपण कापलं,” मॅडम म्हणाल्या. दोन अर्ज अगदी लागोपाठ आले, दोघांना एकच क्रमांक मिळाला आणि मागून आलेला अर्ज पहिल्याच्या जागी बसला, पहिला पुसला गेला.

साहेब म्हणाले, “लाखों में एक केस है, मैडम. अगले साल देखेंगे.”

“उस एक का भी यही साल है, सर.” आवाज खाली आला होता. प्रवेशपत्रांच्या मंजुरीवर त्यांनी सही केली नाही. साहेबांनी बदलीचं नाव काढलं. “कर दीजिए. पहले यह ठीक होगा.”

शेवटी प्रोग्राम बदलला, क्रमांकात पूर्ण वेळ आली. जुन्या नोंदी चाळल्यावर असे आणखीही पुसले गेलेले उमेदवार सापडले. सगळ्यांना प्रवेशपत्रं गेली. नंतर मॅडमची बदली झालीच, प्रशिक्षण विभागात. तिथे मेनफ्रेम नव्हतं. वाईट वाटतं का, असं मी विचारलं. “वाटतं ना. खूप वाटतं,” म्हणाल्या आणि फाईल उघडली.

निकालानंतर ती मुलगी त्यांना भेटायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. ती पहिल्याच फेरीत बाद झाली होती. मान वर करत नव्हती.

“तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, आणि मी...”

मॅडमनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. “हे बघ, या वेळी तू पेपर लिहून नापास झालीस. मशीनने तुला पुसलं नाही. अच्छा, कुठला विषय गेला?”

मुलीने डोळे पुसले. “इतिहास.”

“मग चल, तिथून सुरू कर.”