ट्रान्सलोकेशन, मी आणि विदू

"तुमच्यात ट्रान्सलोकेशन आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि मला चक्क हसू आलं. धामणकर नाक्याजवळच्या कॉलेजात मी बारा वर्षं बायोलॉजी शिकवते. पानात तयार झालेलं अन्न फळांकडे, मुळांकडे जातं, ते ट्रान्सलोकेशन, हे फळ्यावर बाण काढकाढून शिकवलंय. क्रोमोसोमवालं ट्रान्सलोकेशन दोन मार्कांपुरतं. आता तेच माझ्या नावाच्या रिपोर्टवर होतं.

तीनदा दिवस गेले आणि तीनही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. म्हणून आम्हा दोघांचं रक्त कॅरिओटाइपसाठी पाठवलं होतं. त्यात क्रोमोसोम, म्हणजे आईबापांचे गुण वाहून आणणारे पेशीतले धागे, जुळवून बघतात. ह्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला. माझ्या दोन क्रोमोसोमनी आपापले तुकडे बदलून घेतले होते.

"काही कमी नाही, जास्त नाही, म्हणून तुम्ही ठणठणीत आहात. याला बॅलन्स्ड म्हणतात. पण बाळाकडे तुकडा कमी-जास्त गेला तर बहुतेकदा गर्भ टिकत नाही. मूल होणारच नाही, असं मात्र नाही."

मग त्यांनी विचारलं, "बहीण-भाऊ कुणी?"

धाकटी बहीण विदू, जवळच्याच कोन गावात दिलेली. चार वर्षांचा चिनू, आणि आता दुसऱ्यांदा तिसरा महिना. "तिला आजच सांगा. तिच्यातही हे असू शकतं. असलं तर बाळाची तपासणी वेळेत करता येईल."

मी विदूवर जळत होते, खोटं कशाला बोलू? लग्न माझ्यानंतर, पाळणा माझ्याआधी! आई फोनवर तिच्या उलट्यांचंसुद्धा कौतुक सांगायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी एका रविवारी शेअर रिक्षाने कोनला गेले. "रिपोर्ट कालच आला," म्हणून सगळं सांगितलं. तर ही बया विचारते, "ताई, तू जेवलीस का?" अस्सा राग आला मला! एवढी चांगली कशाला असावी माणसानं?

तीन आठवड्यांनी तिचा रिपोर्ट आला. तेच दोन क्रोमोसोम, तीच अदलाबदल. क्षणभर मला बरं वाटलं. हो, वाटलं. आणि लगेच पुन्हा आग, की तेच घेऊन हिला चिनू, मग मलाच का नाही?

पुढे ॲम्निओसेंटेसिस, म्हणजे पोटातून सुईने बाळाभोवतीचं पाणी काढून तपासणं. वेटिंग रूममध्ये तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. रिपोर्ट येईपर्यंत मीच तिला दिवसातून दहा फोन करत होते.

"बाळ ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा दवाखान्यात मोठ्यांदा रडले ती मी.

माझे उपचार आता सुरू आहेत. जळणं पुरतं गेलेलं नाही. परवा डोहाळजेवणात तिची हिरवी साडी बघून मी ताटं वाढायच्या निमित्ताने आत निघून गेले. पण तिने पहिली ओटी हट्टाने माझ्याकडूनच भरून घेतली.

तुमच्या हातात असा रिपोर्ट आला, तर त्याच दिवशी बहीण-भावांना फोन करा. मी केला नाही. विदू, तो रिपोर्ट आदल्या दिवशी आला नव्हता. आठ दिवस माझ्या पर्समध्ये होता. तुझी तपासणी वेळेत झाली, हे माझं नशीब.

हे वाचून हवं तेवढं बोल मला. पण माझा फोन उचल.