दाराला लिंबाचा डहाळा

नवऱ्यानं मला घराबाहेर काढलं आणि मुलगी ठेवून घेतली. बारामतीच्या कोर्टानं हुकूम दिला, की दर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी बापानं मुलीला कोर्टात आणून आईला भेटवायचं. मी सणसरला भावाकडं राहते. दर वेळी लाडवाचा डबा घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. कधी त्यांची गाडी बंद पडलेली, कधी पाहुणे आलेले. मला एकही कारण खरं वाटेना.

त्या शनिवारी सासूचा फोन आला. "पोरीला बाया आल्यात. अंगभर फोड हायत. आणता यायची न्हाय."

कांजिण्यांना आमच्याकडं बाया म्हणतात. मी आधी हात जोडले. देवीचं नाव कुणी खोटं घेत नाही. पण मन थाऱ्यावर राहिना. भावाला म्हटलं, "दादा, मला शेळगावला सासरी ने."

"शिव्या खायला?" तो म्हणाला, पण गाडी काढली.

बाया आल्याची खूण म्हणून दाराला लिंबाचा डहाळा बांधलेला होता. सासू उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"तितंच थांब. बाहेरच्याची सावली पडू द्यायची न्हाय."

"आत्या, लांबनं बघते फकस्त."

"लांबनं बघायला ती काय यष्टी हाय व्हय?"

मी मागं सरले. तेवढ्यात आतून चर्र आवाज आला आणि लसणाच्या फोडणीचा वास दारापर्यंत आला. बाया आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, देवीच्या अंगाची आग होते म्हणतात. नणंदेच्या पोराला बाया आल्या, तेव्हा याच सासूनं मला बिनफोडणीची आमटी करायला लावली होती. मी तिच्याकडं बघितलं. वास तिलाही आला होता.

"शेजारचा हाय त्यो," ती म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

वकीलबाईंना हे सांगताना मला लाज वाटली. त्या म्हणाल्या, "वासावर कोर्ट चालत नाही, ताई. पण डॉक्टरचा दाखला मागता येतो." त्यांनी हुकूम मोडल्याचा अर्ज दिला. जजसाहेबांनी दाखला मागितला, नवऱ्याकडं तो नव्हता. साहेब म्हणाले, आता मुलगी आली नाही तर वॉरंट काढीन.

पुढच्या भेटीला मुलगी आली. मी तिचं तोंड बघितलं, हात बघितले, फ्रॉकचा गळा जरा बाजूला केला. एकही डाग नव्हता.

"काय बघतीस?"

"काय न्हाय." मी डबा उघडून लाडू पुढं केला. तिनं हात मागं घेतला.

"आजी म्हणली, तू दिलेलं खायचं न्हाय. त्यात काय बी घातल्यालं असतंय."

लाडू मोडून अर्धा मी खाल्ला. घास गिळेपर्यंत ती माझ्या गळ्याकडं बघत होती. नंतरही थोडा वेळ थांबली. मग उरलेला अर्धा घेतला, नाकाला लावला आणि कडेनं कुरतडला.

दुसरा लाडू तिनं स्वतः डब्यातून काढला, मोडला आणि आधी माझ्या तोंडाला लावला.