रिसोडच्या गोदामातला रॉक बँड

पुण्याहून निघालेली बस सकाळी वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडला पोचली. मी पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच हाक आली, "आत्या, इकडे ये वं!"

हा माझा भाचा मंगेश. ‘पऱ्हाटी’ (कपाशीचं झाड) या चौघांच्या बँडचा ड्रमर. त्यांचे दोन्ही अल्बम मी मोबाइलवर पाठ केले होते, पण त्यांना समोर वाजवताना कधी पाहिलं नव्हतं. आज संध्याकाळी कारंज्यात त्यांचा कार्यक्रम होता, आणि त्याचंच रेकॉर्डिंग तिसरा अल्बम म्हणून निघणार होतं.

आधी त्यानं मला ते गोदाम दाखवलं. पहिला अल्बम इथंच, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून केलेला.

"पोत्यायनं आवाज घुमत नाही," तो म्हणाला. "फकत माल बाजारात गेला का आमचा स्टुडिओ बंद!"

जेवायला गायिका शबानाकडे गेलो. खाली वडिलांचं बांगड्यांचं दुकान, वर घर. तिच्या अम्मीनं पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) वाढली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळे खूश झाले.

जेवता जेवता शबाना मुंबईची हकिगत सांगू लागली. एका कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. गाणं आवडलं, चाल आवडली. फक्त ‘मले’चं ‘मला’ करा, म्हणाले.

"मी गायलीबी दोनदा," ती म्हणाली. "मंग थांबली. म्हटलं, हे कोणाचं गाणं हाय? माह्यं तर नाही. तशीच वापस आलो आमी."

"पस्तावा होते का?" मी विचारलं. तिच्या बोलीची लागण मला झालीच होती.

"आज समजन, काकू. लोकंच नाही आले तं होईन."

जीपमध्ये ड्रम मांडीवर घेऊन निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे. शिरपूरजवळ टायर पंक्चर झालं. सामान रस्त्याकडेला उतरवलं, तर देवदर्शनाहून परतणाऱ्या एक आजी थांबल्या.

"कोनाचं लगन हाय बाप्पा?"

"लगन नाही, आजी. आमचा सोताचा बँड हाय," मंगेश म्हणाला.

"सोताचा?" आजींनी ड्रमवर एक थाप मारून पाहिली. "मंग वाजवा जोरात!"

कारंज्याला उशिरा पोचलो. शबाना गाडीतून उतरेना. मीच पुढे जाऊन पाहिलं. मैदान भरलं होतं. बाजारातले व्यापारी, कॉलेजच्या पोरी, लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप. मी मागे वळून नुसता हात हलवला. ती धावतच आली.

पहिली गाणी झोकात झाली. मग ते गाणं आलं, मुंबईहून परत आणलेलं: "वाट कायले दाखवतं मले, माह्या पायाले ठाव हाय." पहिलं कडवं संपलं आणि वीज गेली. गिटार मुकी, माइक मुका. रेकॉर्डिंगचं यंत्र तेवढं बॅटरीवर चालू होतं. मंगेशनं ठेका सोडला नाही. शबाना माइकशिवाय गाऊ लागली, पण तिचा आवाज पुढच्या रांगांपलीकडे जाईना. तेवढ्यात मागून कुणीतरी ओळ उचलली, मग शेजारच्यानं, आणि बघता बघता अख्खं मैदान ‘मले’ म्हणू लागलं. शबानानं गाणं थांबवलं आणि ती नुसती ऐकत उभी राहिली, दोन्ही हात तोंडावर धरून.

वीज आल्यावर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "ते गाणं पुन्हा घेऊ."

"कायले?" शबाना म्हणाली. "असंच राहू दे. याच्यापेक्षा चांगलं मले गाता येत नाही."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, वाशिमकडे काय पाहण्यासारखं आहे हो? मी त्यांच्या कानाला इअरफोन लावला आणि मंगेशनं पाठवलेलं ते कच्चं रेकॉर्डिंग सुरू केलं. वीज गेल्यानंतरच्या कडव्यात, अगदी डावीकडे, एक बाई बेसूर पण जिवाच्या आकांतानं गाते आहे.

"ही कोण?" त्या हसून म्हणाल्या.

"मी," म्हटलं.