पातेल्यातला श्वास

मुरुगेसनने मला फसवलं. अकरा वर्षं मला मासे पुरवणाऱ्या माणसाने, माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हसत हसत. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पुढचं ऐकलं की लोक मुरुगेसनला विसरतात आणि माझ्याकडेच विचित्र नजरेने बघायला लागतात.

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. तेवढा वेळच नव्हता. नवरा गेला तेव्हा पदरात चार वर्षांची तारा होती आणि घरात एक शेगडी. तिच्यावर तंजावूरच्या जुन्या बसस्टँडमागे मी खाणावळ उभी केली. कल्ला उचलून बघितल्याशिवाय मी मासा तराजूत पडू देत नाही. मला कोणी फसवू शकत नाही, हे मी स्वतःच चारचौघांत सांगत आले... आता तेच माझ्या अंगावर आलंय.

आम्ही इथले मराठे, राजांच्या काळात आलेलो. घरात मराठी, बाहेर तमिळ. देवनागरी मला वडिलांनी शिकवली. पुण्याची भाची चुका काढून हे इथे इंटरनेटवर टाकणार आहे.

तारा आता समुद्रातलं गवत मोजते. हसू नका, मीही हसले होते. शिकायला तीन महिने इटलीला जाऊन आली. तिकडे भूमध्य समुद्राच्या काठाने राखीव सागरी उद्यानं आहेत म्हणे, लोक तिकीट काढून पाण्याखालचं गवत बघतात. मी विचारलं, "गवत बघायला तिकीट? आणि कोणी भाव कमी करून मागत नाही?" ती म्हणाली, "आई, तू गेलीस तर मागशील." आता तिचं काम आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहे, मल्लिपट्टिणमजवळ. तिथला समुद्रही राखीव आहे, कडल पसूसाठी. कडल पसू म्हणजे समुद्रगाय. ती ते गवत खाते, पिल्लाला अंगावर पाजते आणि श्वास घ्यायला वर येते.

एका सकाळी तारा मला होडीतून घेऊन गेली. मागे आमच्या राजाने बांधलेला मनोरा लहान लहान होत गेला. मग इंजिन बंद केलं. पाणी काचेसारखं, खाली हिरवं कुरण, त्यावरून एक कासव निवांत चाललेलं. आणि मग आवाज आला — फूऽऽस! कल्हईवाल्याचा भाता हवा सोडतो तसा. पाण्यावर राखाडी पाठ आली. तिच्यावर दोन पांढरे ओरखडे, शेजारी शेजारी, कुठल्यातरी होडीच्या पंख्याने कापल्याचे. तिच्या मागोमाग एक छोटी पाठ, एक छोटा श्वास — फुस्. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तसंच. आधी मोठा, मग छोटा.

"ही माझ्या ओळखीची आहे," तारा कुजबुजली. "तुझ्याआधी कोणाला दाखवली नाही."

जाताना होडीवाल्याशी मी भाड्यावरून कडाकडा भांडले होते. येताना ठरल्यापेक्षा जास्त दिले. का, ते विचारू नका.

त्यानंतर दीड महिन्याने मुरुगेसन नेहमीसारखा मासे घेऊन आला. माशांच्या पेटीत बर्फाखालून त्याने केळीच्या पानातलं एक गाठोडं काढलं. (बोलणं तमिळमधलं, इथे मराठीत देते. अक्का म्हणजे ताई, पाप्पा म्हणजे लाडाने लेक.)

"अक्का, आज खास माल. गावठी डुक्कर."

"मासेवाला डुक्कर कधीपासून विकायला लागला रे?"

"मेहुण्याने पाळलेलं. तुमच्यासाठी बाजूला काढलं. तारा पाप्पा रविवारी येणार ना?"

"आणि माशांखाली का लपवलंस?"

"मटणवाल्यांनी बघितलं तर माझ्या नावाने शिमगा करतील, अक्का."

मी त्याच्या भावाच्या निम्मा भाव सांगितला. तो म्हणाला, "घ्या."

पहिल्याच आकड्याला! खेकड्याच्या मोडक्या नांगीसाठी माझ्याशी पाऊण तास हुज्जत घालणारा माणूस! तिथेच मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, मी जिंकले.

मांस गडद लाल, चरबी जाड आणि मऊ. वास थोडा गोडसर. रविवारी सकाळी मी कातडं सोलून काढलं. त्यावर दोन पांढरे वळ होते. डुकराला बांधलेल्या दोरीचे असतील म्हणून मी ते कागदात गुंडाळून केराच्या डब्यावर ठेवलं.

आमच्या घरात मांस शिजवणारी बाई चव बघत नाही. पहिलं ताट नवऱ्याच्या फोटोपुढे, मग मुलांना, मग आपण. सासूने घालून दिलेली रीत, पातेलंही तिचंच, कल्हई केलेलं पितळी. दुपारी मी ताट दाखवलं आणि ताराला वाढलं.

"किती मऊ झालंय गं," ती म्हणाली. दोन-तीन तुकडे खाल्लेही.

मी माझं ताट घ्यायला उठले, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. फूऽऽस.

ताराचा घास हातातच राहिला. "कुकर?"

"कुकर लावलाच नाही. नळात हवा असेल."

गॅस बंद करून अर्धा तास झाला होता. मी नळ घट्ट पिळून आले. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तोच आवाज. ताराने सवयीने घड्याळ बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तिसऱ्या वेळी आम्ही दोघी पातेल्यासमोर उभ्या होतो, झाकण माझ्या हातात. रस्सा निपचित होता. मग मधोमध तो वर फुगला, खालून कोणी नाक लावावं तसा, फाटला, आणि त्यातून श्वास बाहेर आला. माझ्या तोंडावर आला. कोमट, ओला. कुजलेल्या गवताचा, ओहोटीच्या चिखलाचा आणि नासलेल्या दुधाचा वास. लाल मसाल्यातून पांढरे तंतू वर यायला लागले. नारळाचं दूध मी त्यात घातलं नव्हतं.

"आई, हे काय शिजवलंस?"

"डुक्कर..."

तिने केराच्या डब्यावरचा कागद उघडला. दोन ओरखडे, शेजारी शेजारी.

"हे तू बघितलं नाहीस?"

"बघितलं. मला दोरीचे वळ वाटले."

ती मागच्या अंगणात धावली. घशात बोटं घालून घालून ओकली. मी पाठीवर हात ठेवला, तो तिने काढून टाकला.

"तू एक घाससुद्धा खाल्ला नाहीस," ती म्हणाली.

"आधी तुझे बाबा, मग तू. आपली रीतच आहे ना, तारा..."

"कल्ल्यावरून मासा किती तासांचा ते सांगतेस. मला कोणी फसवू शकत नाही, हे लहानपणापासून ऐकतेय मी. मग आता हे काय?"



ती कातडं आणि मांस घेऊन गेली ती गेलीच. तपासणीत समुद्रगायच निघाली. तपासणाऱ्या बाईंना मी फोन करून दुधाचं विचारलं. त्या म्हणाल्या, तिचे स्तन पुढच्या परांखाली काखेत असतात, पिल्लाला पाजणारी असेल, तिथलं मांस आलं असेल. बरं, हे मान्य. श्वासाचं विचारलं तर म्हणाल्या, अडकलेली वाफ. अर्धा तास गॅस बंद, झाकण माझ्या हातात, मग वाफ अडकली कुठे? त्यांनी विषय बदलला.

आणि मुरुगेसन? चौकशीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांना त्याने सांगितलं, "मी फक्त मासे विकतो. अक्काने स्वतःच कुणाकडून तरी मागवलं असेल." माझ्या मुलीच्या कानावर हे गेलं. ती अजून घरी आलेली नाही. फोन उचलते, हो-नाही म्हणते, ठेवते.

मला स्वतःची किळस येते. हाताला तो तुपकट थर अजून जाणवतो. चिंच, राख, शिकेकाई, सगळं लावून झालं. पातेलं नव्याने कल्हईला दिलं, तर कल्हईवाल्याने तसंच परत आणून दिलं. म्हणाला, "ताई, याला विस्तवावर धरवत नाही." कारण सांगेना. भांडी घासणारी चेल्लम्मा त्याला हात लावत नाही. तिनेही ऐकलंय. मी ते गच्चीवर उपडं घालून ठेवलंय, रिकामं, कोरडं. तरी भर दुपारी येतो तो आवाज. मोठा श्वास. मग मी नको नको म्हणत छोट्या श्वासाची वाट बघते. तो येत नाही.

परवा ताराला फोनवर विचारलं, "पिल्लू दिसलं का गं?"

"नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

याचा उलगडा मला झालेला नाही. तुम्ही करू पाहाल तोही मला पटणार नाही. जे आहे ते मी सांगितलं. पण मुरुगेसन जिवंत आहे आणि अजून धक्क्यावर मासे विकतो आहे. त्याला मराठी येत नाही, म्हणून हेच तमिळमध्ये लिहून मी त्याच्या पेटीवर चिकटवणार आहे. मुरुगेसन, माझ्यासमोर येऊ नकोस, तुझी सावलीही मला नको. ताराकडे जा. तिच्यासमोर उभा राहा आणि सांग की तुझ्या आईला ठाऊक नव्हतं, मी खोटं बोललो. आणि जाताना हे पातेलं उचलून घेऊन जा. घरी नेऊन ठेव, दुपारी त्याच्याजवळ बस, आणि ते कुणाची वाट बघतंय याचं उत्तर तू दे.