फ्रेमवाल्या दाजींचा गाळा

फ्रेमवाले दाजी तोंडात खिळे धरूनच बोलत. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पाच-सहा बारीक खिळे आणि उजव्या कोपऱ्यातून गिऱ्हाइकाशी गप्पा. ह्या बारीक खिळ्यांना सुतार लोक चुका म्हणतात. कुणी म्हटलं, दाजी, एखादा गिळाल, की उत्तर ठरलेलं : "माझ्या चुका माझ्या तोंडात आहेत, तुझ्या तू सांभाळ." फार महत्त्वाचं काही सांगायचं असेल तरच ते खिळे तळहातावर काढत आणि मग स्वच्छ बोलत.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर आमच्या मालकांची जुनी इमारत होती. वर नक्षीदार लाकडी सज्जे, खाली रस्त्याला लागून सहा गाळे. त्यातला चौथा दाजींचा, त्यांच्या वडिलांपासूनचा. मी मालकांच्या कचेरीत कारकून होतो. भाडेपावत्या फाडायच्या आणि इंग्रजी कागद टंकून द्यायचे, हे माझं काम. दुपारी डबा खाल्ला की मी दाजींच्या गाळ्यात जाऊन बसे. लाकडाच्या भुशात बसून मी जितकं हसलो, तितकं पुढे कुठे हसलो नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. दाजी सगळ्या मोर्च्यांना जात, पण घोषणा देत नसत. खिळ्यांशिवाय बोलायची सवयच राहिली नाही, असं म्हणत. एकदा वाडीतल्या मंडळाने महाराष्ट्राचा नकाशा फ्रेम करायला दिला. फ्रेम थोडी अरुंद झाली. चिटणीस म्हणाले, कडेचं जरासं पट्टीखाली गेलं तर काय बिघडतं? दाजींनी खिळे काढले. "कडेलाच मुंबई आहे. ती लाकडाखाली गेली तर मग आपण भांडतोय कशाला?" त्यांनी पट्ट्या नव्याने कापल्या आणि पश्चिमेला दोन बोटं समुद्र मोकळा सोडला. चिटणीसांना तो नकाशा आठवडाभर उशिरा मिळाला.

दाजींना इंग्रजी येत नव्हतं. म्युनिसिपालटीचा कागद असो की भाच्याच्या कंपनीचं पत्र, ते माझ्याकडे घेऊन येत. "आपल्या माणसाने वाचलं की मी वाचलं," असं म्हणत, आणि खरंच पुन्हा त्या कागदाकडे बघत नसत.

पुढे इमारतीच्या दर्शनी भागाची दुरुस्ती निघाली. तुळई खचली होती, हे खरंच होतं. दाजींनी दोन महिने गाळा रिकामा करायचा, असं ठरलं. पण एका कापडवाल्याला चौथा आणि पाचवा गाळा मिळून एक मोठं दुकान हवं होतं, हेही खरंच होतं, आणि ते फक्त मालकांना आणि मला माहीत होतं. मालक आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. मला बोलावून म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली रिकामी होतेय, तुझं लग्न अडलंय ना? अडलं होतं. सहा जणांच्या खोलीत मी वळकटी पसरत होतो, आणि खोली नसेल तर मुलगी नाही असं सासऱ्यांनी सरळ सांगितलं होतं. मालकांना माझ्याकडून काय हवंय, हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

कागद मीच टंकला. दाजी आपण होऊन गाळ्याचा ताबा सोडत आहेत, दुरुस्तीनंतर मालक त्यांना अकरा महिने तिथे बसायची परवानगी देतील, असं त्यात होतं. म्हणजे इतक्या वर्षांचा भाडेकरू सही केल्याक्षणी पाहुणा होणार होता.

दाजींनी कागद उलटसुलट केला. खिळे काढले.

"वसंता, गाळा परत मिळणार असं आहे ना ह्यात?"

"आहे दाजी. तसं स्पष्ट लिहिलंय."

ते खोटं नव्हतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच त्याचा वीट आलाय. मी अर्धं वाक्य वाचलं आणि अर्ध्यावर अंगठा ठेवला. दाजींनी मोडीत सही केली आणि खिळे परत तोंडात टाकले.

दुरुस्ती होऊन दाजी परत गाळ्यात बसले, आणि अकरा महिन्यांनी गाळा सोडायची नोटीस आली. तीही वाचून घ्यायला दाजी माझ्याकडेच आले. ह्या वेळी मी शेवटपर्यंत वाचलं. दाजींनी नोटिशीची घडी करून खिशात टाकली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वकिली इंग्रजी ते. तुला तरी कसं कळणार?"

वाडीतली माणसं माझ्यावर उखडली. त्या प्रत्येकाला दाजी थांबवून सांगत, पोराचं इंग्रजी कच्चं आहे, त्यात त्याचा काय गुन्हा? मी खाली मान घालून ते ऐकून घेतलं. मला लाज वाटत होती, पण खोली सोडवत नव्हती. लग्न होऊन खिडकीला पडदेसुद्धा लागले होते.

गाळा सोडला त्या दिवशी संध्याकाळी दाजी आमच्याकडे आले. परळला भाच्याच्या चाळीत राहायला जाणार होते. गॅलरीत बसून जमतील तेवढ्या फ्रेमा करीन म्हणाले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर जुन्या बाजारातून आणलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश.

"सावकाश वाचत जा रे. पुढच्या माणसाचं नुकसान व्हायला नको."

हा टोमणा असता तर मला सोसला असता. ते मनापासून बोलत होते. मी कोश घेतला. तेवढ्यात चहा घेऊन आलेली माझी बायको हसत म्हणाली, "दाजी, ह्यांना कशाला कोश? बी.ए.ला इंग्रजीत कॉलेजात पहिले आले होते हे."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. नुसतं "दाजी" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"असं होय," ते म्हणाले. बायकोने केलेला चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कपबशी नीट खाली ठेवली, तिला "येतो गं मुली" म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला काही म्हणाले नाहीत. मी दारापर्यंतसुद्धा गेलो नाही.