कपडेपटाची मिग्दालिया

ईस्ट व्हिलेजमधल्या त्या नव्वद खुर्च्यांच्या थिएटरात नवा हंगाम जाहीर झाला की सगळे विचारायचे, नाटकं कुठली? मिग्दालिया रोसारिओ विचारायची, बटणं किती? बावीस वर्षं ती तळघरात कपडेपट सांभाळत होती. शोकांतिका म्हणजे धुण्याला डाग फार आणि विनोदी नाटक म्हणजे विजारी उसवणार, एवढं नाट्यशास्त्र तिला पुरत असे.

यंदा गॅरेट ओल्मस्टेड हा नवा संचालक आला होता. वय छत्तीस, अंगात बाराही महिने काळं जाकीट. बेगल खाता खाता त्याने पाच नाटकं वाचून दाखवली. पहिल्यात दोघं नट आपापल्या घरच्या कपड्यांत येणार होते. दुसरं पूर्ण अंधारात होतं. तिसऱ्यात माणसंच नव्हती, नुसते आवाज. चौथ्यात माणसं होती, पण कपडे नव्हते. पाचवं अजून ठरायचं होतं.

बाकी मंडळी टाळ्या वाजवत होती, म्हणून मिग्दालियानेही वाजवल्या.

"तुमच्यावर राग नाही हं," गॅरेट नंतर म्हणाला. "पहिलं नाटक कपडेपटाशिवाय होतंय का बघू. झालं, तर पुढच्या चारांना तुम्हाला बोलवायची गरज नाही. तोवर तळघरातले कपडे वाटून टाकायला बांधून ठेवा."

"आणि चौथ्यात नट विंगेत कुडकुडले तर?"

"ते नट आहेत, कुडकुडण्याचंही काम करतील."

एवढं झाल्यावर भांडायचं कुणाशी? ती खाली जाऊन खोकी भरू लागली. एक झगा खोक्यात घालायचा, पुन्हा काढून खांद्याला टाका घालायचा, असं चाललं होतं. त्या वेगाने तळघर रिकामं व्हायला आणखी बावीस वर्षं लागली असती.

रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी डेस्मंड पेटिफर्ड हातात एक शर्ट घेऊन खाली आला. पहिल्या नाटकात तो हॉलिस नावाचा चिडका पियानो जुळवणारा होता. शिव्या द्यायच्या जागी त्याच्या तोंडून 'माफ करा' निघत होतं.

"मिगे, मेलो गं! हा माझा शर्ट. यात बायको मला दूध आणायला पाठवते. यात मी चिडू कसा? त्या हॉलिसचा शर्ट दे."

"मला मनाई आहे."

"मग मी पडलो समज."

तो पडला असता तर तिची नोकरी टिकली असती, हे तिला लख्ख कळत होतं. पण कपड्यांपायी नट पडू द्यायची तिला सवय नव्हती. "ठेव इथे. उद्या ये," ती म्हणाली.

तिने तोच शर्ट धुतला, इस्त्री केली, कॉलरच्या आत 'हॉलिस' लिहिलेली पट्टी शिवली आणि हँगरला लावला. दुसऱ्या दिवशी डेस्मंडने तो चढवला, आरशात बघितलं, मान ताठ झाली.

"हा बघ, हा त्याचा! कुठून उकरून काढलास?"

"होता इथेच."

तालमीत त्याने असा आवाज चढवला की समोरची नटी खरंच दचकली. तालीम संपल्यावर गॅरेट तरातरा तळघरात आला. "मी घरचे कपडे सांगितले होते. त्याला नवा शर्ट कुणी दिला?"

नवा दिला असं खोटं बोलावं तर हुकूम मोडल्याचं पाप आणि खरं बोलावं तर घरच्या कपड्यांत नाटक झालं, म्हणजे आपली गरज संपली. ती खरं बोलली.

"त्याचाच आहे, घरचा. मी नुसती पट्टी शिवली. कॉलर बघ."

गॅरेटने हँगरवरच्या शर्टाची कॉलर उलटून पट्टी वाचली. मग जाकीट काढून त्याने तिच्या टेबलावर ठेवलं. आतला शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"उद्या पडदा उघडायच्या आधी मला नव्वद लोकांसमोर हंगामाबद्दल बोलायचंय," तो पुटपुटला. "यातही एक शिवून द्याल?"

"नाव काय घालू?"

"संचालक."

तिला हसू आलं आणि त्याची दयाही आली. "शिवते. पण पाचही नाटकांना कपडेपटावर मीच आहे, हे त्याच भाषणात सांगायचं."

दुसऱ्या दिवशी तो ताठ मानेने बोलला. पहिलं नाव त्याने तिचंच घेतलं. नाटकांची नंतर घेतली.